खुराडं नाकासमोर चालतं

लिफ्टमन शेतावर राहायला आले त्याला आठ महिने झाले होते, आणि एवढ्यात त्यांनी शेताचं जे नुकसान केलं ते किडीला, गारपिटीला आणि उंदरांना मिळून चार वर्षांत जमलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसं इतक्या पहाटे उठून, इतक्या कष्टाने, इतकं नुकसान करत नाहीत.

छत्तीस वर्षं त्यांनी एका अकरा मजली कचेरीची लिफ्ट चालवली. निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली, म्हणून मुलीकडे आले. मुलीचं एक प्रशिक्षण शेत होतं. नांगर नाही, फवारणी नाही. झाडं, पिकं, कोंबड्या, गांडुळं यांनी एकमेकांची कामं उरकायची आणि माणसाने उगाच मध्ये मध्ये करायचं नाही, अशी तिथली पद्धत. लांबलांबची माणसं येत, महिनाभर राहून शिकत आणि आपापल्या गावी जाऊन तसं करत. गावं अशी हळूहळू आपल्या पायावर उभी राहतील, असं मुलीला मनापासून वाटायचं. आता ज्या शेतीत माणसाने मध्ये मध्ये करायचं नाही, नेमक्या त्याच शेतीत लिफ्टमन येऊन पडले, याला कोण काय करणार!

पहिल्याच महिन्यात त्यांनी बांधावरचं रान उपटून लख्ख केलं. ती जमिनीला खत पुरवणारी झुडपं होती, तीन वर्षं जपलेली. तिसऱ्या महिन्यात गांडुळं चिखलात बरबटलेली पाहून त्यांचा जीव कळवळला, म्हणून त्यांनी ती चाळणीत घेऊन तीन पाण्यांनी धुतली. सहाव्या महिन्यात तर कहर झाला. शेतावरचा संडास कोरडा होता, म्हणजे पाणी न ओतता भुसा टाकायचा आणि वर्षाने त्याचं खत काढायचं. लिफ्टमनांनी त्यात दोन बाटल्या फिनेल ओतलं. सात महिन्यांचं खत एका सकाळीत गेलं, आणि वर हे मुलीला अभिमानाने म्हणाले, "बघ आता वास येतोय का."

मुलगी ओरडली नाही. तिने शांतपणे मोठ्या भावाला फोन लावला, आणि मग ती वडिलांसमोर येऊन बसली.

"बाबा, मी दीड महिना डोंगरापलीकडच्या केंद्रावर शिकवायला चाललेय. रोपं आणि पाणी बघायला माळीदादा आणि माळीणवहिनी आहेत. मी परत येईपर्यंत एकही घोळ झाला नाही, तर तुम्ही इथेच राहा. झाला, तर त्याच्या पुढच्या रविवारी दादा गाडी घेऊन येईल."

दादाचं घर शहरात, सहाव्या मजल्यावर. मुलगा-सून दोघंही गुणी, पण सकाळी आठला जायची ती रात्री आठला यायची, आणि जाताना सांगून जायची, "बाबा, गॅसला हात लावू नका." मागे आठ दिवस राहिले होते तेव्हा वेळ जाईना म्हणून ते त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "कितवा मजला?" विचारू लागले. तिसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरीने लेखी तक्रार केली. इथे शेतावर निदान कोंबड्या तक्रार करत नव्हत्या. त्यांना इथेच राहायचं होतं, मरेपर्यंत इथेच, आणि हे मुलीला सांगायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"मला एकच काम दे," ते म्हणाले. "एकच. पण ते नीट सांग."

मुलीने मग त्यांना चालतं खुराडं दिलं.

चालतं खुराडं म्हणजे दहा फूट लांब, पाच फूट रुंद असा जाळीचा पिंजरा. वर पत्रा, खाली तळ नाही, मागे सायकलची दोन चाकं. आत बारा कोंबड्या. खुराडं जिथे ठेवाल तिथली जमीन कोंबड्या उकरतात, गवत खातात, किडे वेचतात आणि शिटून शिटून तिथेच खतही घालतात. नांगर, निंदणी आणि खत अशी तिन्ही कामं एका खुराड्यात. मग ते पुढे ढकलायचं, मागच्या जागेत बी टाकायचं आणि त्यावर पेंढा पसरायचा.

"सकाळी आठला एकदा, दुपारी चारला एकदा," मुलीने सांगितलं. "खुराड्याच्या लांबीएवढंच पुढे. अर्ध्या दिवसापेक्षा जास्त एका जागी ठेवायचं नाही, माती जळते. आणि उकरलेल्या जमिनीवर मागे तर अजिबात न्यायचं नाही, रोग होतो. डावीकडे रोपवाटिका आहे, तिथे तुम्ही पाऊल टाकायचं नाही. उजवीकडे गांडुळांचे वाफे आहेत."

"तिथे मी पाऊल टाकायचं नाही," लिफ्टमन खाली मान घालून म्हणाले.

"हं. नाकासमोर चालत राहायचं. आणि बाबा, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. उठसूट मला फोनही करायचा नाही. नाहीतर मी काय ते समजेन."

कुंपण आलं की वळा, हे तिने सांगितलं नाही. एवढं कुणी सांगतं का? आपण पाहुण्याला "बसा" म्हणतो, "खुर्चीवर बसा, माझ्या मांडीवर नको" असं म्हणत नाही.

पहिले अकरा दिवस दृष्ट लागावी असे गेले. आठाच्या ठोक्याला लिफ्टमन खुराडं ढकलत, मागे मूठमूठ मिसळीचं बी टाकत: मुळा, घेवडा, पालक, मोहरी, सूर्यफूल, जे पोत्यात असेल ते. पेंढा असा पसरत की चादरीला सुरकुती पडू नये. कोंबड्यांतली एक तपकिरी, मानेवर पिसं नसलेली, सगळ्यांच्या पुढे राहून बाकीच्यांना टोचून कामाला लावायची. तिचं नाव त्यांनी मुकादम ठेवलं. मुकादम आणि लिफ्टमन यांचं पहिल्या दिवसापासून जमलं, कारण दोघांनाही वेळेचं वेड होतं.

अकराव्या दिवशी दुपारी चारला खुराड्याचं तोंड तारेच्या कुंपणाला टेकलं.

लिफ्टमन कुंपणाकडे बघत उभे राहिले. डावीकडे रोपवाटिका, उजवीकडे गांडुळं, दोन्ही बंद. मागे न्यायचं नाही, रोग होतो. थांबायचं नाही, माती जळते. मुलीला फोन करावा, तर ती काय ते समजणार. आणि स्वतःचं डोकं चालवायचं, तर त्याचा अनुभव सबंध शेताने घेतलेला. माणसाची अशी चारी बाजूंनी कोंडी झाली की शहाणासुरता माणूस काय करील? शहाणासुरता माणूस खुराडं तिरकं करून वळवील. पण लिफ्टमन शहाणपणाला इतके घाबरले होते की त्यांनी पक्कड आणली, कुंपणाच्या तारा कापल्या, त्यांची नीट भेंडोळी करून बाजूला ठेवली आणि खुराडं दहा फूट पुढे ढकललं. माळीदादांनी ते पाहिलं आणि ताईंनीच तसं सांगितलं असेल असं समजून ते पाणी द्यायला गेले. मग खोलीत जाऊन त्यांनी आपली बॅग भरून ठेवली, कारण आपण बरोबर केलं की चूक हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.

कुंपणापलीकडे बँडमास्तरांचं शेत होतं. बँडमास्तर लग्नकार्यात तुतारी वाजवत आणि उरलेल्या वेळात भांडत. मुलीशी त्यांचं चार वर्षांचं वैर. फक्त त्यांचंच नव्हे, त्यांचं शेत ओलांडून जे गाव होतं त्या गावातलं एक माणूस कधी मुलीच्या शेतावर फिरकलं नव्हतं. ती मुद्दाम गवत ठेवते म्हणून गावाने तिचं नाव गवतताई पाडलं होतं. तिने पत्रकं वाटली, पडद्यावर चित्रं दाखवली, दारोदार गेली. पालथ्या घड्यावर पाणी. डोंगरापलीकडची माणसं तिला शिकवायला बोलावत आणि शेजारचं गाव तिला बघून दार लावून घेई. याचं तिला किती वाईट वाटतं हे ती कुणाला सांगत नसे, पण लिफ्टमनांनी तिला पत्रकांचा उरलेला गठ्ठा घेऊन एकटीला बसलेली पाहिलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी बँडमास्तर हातात काठी घेऊन आले.

"कुणाला विचारून आत आलात?"

"मुलीला," लिफ्टमन म्हणाले.

"शेत माझं आहे!"

"हो, पण कोंबड्या तिच्या आहेत."

"आणि उद्या कुठे जाणार?"

"वीस फूट पुढे."

"परवा?"

"आणखी वीस."

"अहो, समोर माझी तालमीची शेड आहे!"

लिफ्टमनांनी डोळे बारीक करून अंतर पाहिलं. "तिला अठरा-एकोणीस दिवस अवकाश आहे," ते समजुतीने म्हणाले. "तोवर तुम्हाला ढोल बाजूला घेता येतील."

बँडमास्तरांनी काठी उगारली. तेवढ्यात खुराड्यात मुकादमने गवतातून एक गोगलगाय ओढून काढली, दोनदा दगडावर आपटली आणि गिळली. बँडमास्तरांची काठी वरच राहिली. चार वर्षं या गोगलगायींनी त्यांचं पीक कोंबात खाल्लं होतं. मीठ झालं, राख झाली, चिमट्याने एकेक वेचून गवतताईच्या कुंपणापलीकडे फेकणंही झालं. त्या सकाळपर्यंत परत यायच्या. आता त्यांच्या डोळ्यांदेखत मुकादमने दुसरी उचलली, मग तिसरी. बाकीच्या कोंबड्यांनाही गोडी लागली. बँडमास्तर काठी टेकून खाली बसले आणि दुपारी चारपर्यंत उठले नाहीत.

"जरा उजवीकडून घ्या ना," शेवटी ते अजिजीने म्हणाले. "तिकडे जास्त आहेत."

"वळवायची परवानगी नाही," लिफ्टमन म्हणाले.

"बरं, मग वेचून आणून टाकल्या तर खातील?"

त्या दिवसापासून बँडमास्तर सकाळ-संध्याकाळ डबा भरून गोगलगायी आणत आणि जावयाला वाढावं तशा आग्रहाने मुकादमला घालत. सुंठीवाचून खोकला गेला होता. तरी त्यांनी वैर सोडलं नाही हं. "मुलीला सांगू नका मी मदत केली म्हणून," असं ते रोज बजावत.

आठवड्यातून एकदा मुलीचा फोन येई.

"बाबा, कोंबड्या ठीक?"

"अगदी मजेत. वजन वाढलंय."

"खुराडं वेळेवर हलवताय ना?"

"एकदाही चुकलो नाही."

"मागे नाही ना नेलंत?"

"छे, छे!"

"आणि रोपवाटिकेत?"

"रोपवाटिका तर आता इथून दिसतसुद्धा नाही."

बाबा रागावून टोमणा मारताहेत असं मुलीला वाटलं, आणि आपण त्यांना फारच टाकून बोललो म्हणून तिला चुटपुट लागली. इकडे लिफ्टमनांनाही वाईट वाटलं. खोटं ते एक अक्षर बोलले नव्हते, पण तिने जे विचारलं नाही ते सांगितलंही नव्हतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं टोचत होतं.

एकतिसाव्या दिवशी खुराडं तालमीच्या शेडमध्ये शिरलं. शेडला भिंती नव्हत्या, चार खांब आणि वर पत्रा. जमीन मातीची. दुसऱ्या दिवशी बँडची तालीम होती आणि वादक येऊन बघतात तो मधोमध खुराडं. तालीम दुसरीकडे घ्या म्हणावं, तर बँडमास्तरच म्हणाले की पाहुण्यांना अर्ध्यात उठवणं बरं नव्हे. मग खुराड्याभोवती गोल बसून तालीम झाली. पहिल्या ढोलाला अकरा कोंबड्या घाबरून कोपऱ्यात गेल्या. मुकादम मात्र बँडमास्तरांच्या तुतारीसमोर जाऊन तिच्याहून वरच्या पट्टीत ओरडली, आणि त्या दिवशी आठ अंडी जास्त मिळाली. वादकांनी ती वाटून घेतली आणि गावभर बातमी केली.

पुढे शिंपीणबाईंचं मागचं अंगण लागलं. लोखंडासारखं टणक, वर्षानुवर्षं तुडवलेलं. शिंपीणबाई मशीनवर बसल्या बसल्या खिडकीतून हे सगळं बघत होत्या. त्या मोजक्या बोलत आणि नेमकं बोलत.

"दोरीवरचे कपडे घाण झाले तर तुमच्याच अंगात घालीन," त्या म्हणाल्या.

लिफ्टमनांनी आधी दोरी उंच बांधून दिली आणि मग खुराडं आणलं. चार दिवसांत अंगणाची माती भुसभुशीत झाली. शिंपीणबाई बाहेर आल्या, चप्पल काढली आणि त्या मातीत अनवाणी उभ्या राहिल्या. मग आल्या वाटेने मागे मागे चालत गेल्या. कालच्या जागेत नुसता पेंढा होता. आठवड्यापूर्वीच्या जागेत कोंब. शेडमध्ये पत्र्याच्या कडेने ऊन शोधत वाकडा वाढलेला घेवडा. बँडमास्तरांच्या शेतात गुडघ्याएवढी मोहरी. कुंपणाच्या भोकातून आत शिरल्या तर मुळे हाताच्या बोटाएवढे झालेले. दिवसागणिक वाढत गेलेलं सगळं एका रेघेत, आणि समजून घ्यायला वाचता येण्याचीही गरज नाही. त्यांनी दोन मुळे उपटले, घरी आणले, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांना कपड्यांऐवजी मुळे दाखवले.

झालं! दुसऱ्या दिवसापासून माणसांची रांग लागली. शिंपीणबाईंपलीकडे न्हाव्याचं परसू होतं. तो तर दाढ्या अर्ध्यावर सोडून खुराड्यापाशी येऊन उभा राहू लागला. गिऱ्हाइकंही एका गालाला साबण घेऊन मागे उभी. काय चाललंय हे न्हाव्याने लिफ्टमनांना पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी स्वतः समजावलं आणि तिसऱ्या दिवशी लिफ्टमनांची चूक काढली.

मग आडवी आली गल्ली. डांबरी, दहा फूट रुंद. खुराड्याच्या लांबीएवढीच. चव्वेचाळिसाव्या दिवशी दुपारी चारला खुराडं गल्लीच्या बरोब्बर मध्ये आलं.

"काका, आता एका दमात पलीकडे घ्या," न्हावी म्हणाला.

"लांबीएवढंच पुढे. सकाळी आठपर्यंत इथे."

"अहो, हा रस्ता आहे! डांबर उकरणार का कोंबड्या?"

"ते त्या ठरवतील," लिफ्टमन म्हणाले.

दुधाची गाडी आली, हॉर्न वाजवून वाजवून थकली. तेव्हा बँडमास्तर तुतारी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. एक लांब सूर म्हणजे डावीकडून जा, दोन आखूड म्हणजे मागे फिरा. कुठल्याही ड्रायव्हरला यातलं काही कळलं नाही, पण तुतारीसमोर वाद घालता येत नाही, त्यामुळे सगळे निमूट मागे फिरले. बँडमास्तरांच्या आयुष्यात एवढा मान त्यांना कुठल्या लग्नात मिळाला नव्हता.

पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी आठ वाजता लिफ्टमनांसमोर ग्रामकचेरीची हिरवळ होती. कडेला पांढऱ्या दगडांची रांग, मध्ये पाटी: 'हिरवळीवर पाऊल ठेवू नये.' हिरवळ म्हणायची तेवढीच. अर्धी पिवळी पडलेली, अर्धी टक्कल पडलेली. लिफ्टमनांनी छत्तीस वर्षं पाट्यांचा मान राखला होता. ते परवानगी मागायला कचेरीत गेले. गावप्रमुख अकराशिवाय येत नसत. लिफ्टमन बाहेर आले. घड्याळात आठ वाजून चार मिनिटं. डांबरावर कोंबड्या नुसत्या उभ्या होत्या, आणि मुकादम त्यांच्याकडे अशी बघत होती की त्यांना मान वर करवेना. त्यांनी डोळे मिटले आणि खुराडं ढकललं.

अकराला गावप्रमुख आले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कचेरीची हिरवळ! सरकारी हिरवळ!" दुपारपर्यंत निम्मं गाव जमलं. कुणी गावप्रमुखांच्या बाजूने, बरेचसे कोंबड्यांच्या. शिंपीणबाई म्हणाल्या की या हिरवळीवर पाऊल ठेवायची बंदी आहे, नख मारायची नाही. न्हावी म्हणाला, मुळे येतील. "कचेरीसमोर मुळे?" गावप्रमुख किंचाळले. लिफ्टमन खुराड्याला टेकून उभे होते. ओरडा त्यांना ऐकू येत नव्हता. त्यांच्या डोक्यात एकच होतं: आज ती येणार.

साडेतीनला बस आली. बसथांबा कचेरीसमोरच होता. मुलगी खाली उतरली, खांद्यावरची पिशवी सावरली आणि तिने समोर पाहिलं. कचेरीच्या हिरवळीवर तिचं खुराडं, त्यात तिच्या बारा कोंबड्या, त्याला टेकून तिचे वडील आणि सभोवती तिच्या तोंडावर दारं लावणारं अख्खं गाव.

ती काही बोलणार तेवढ्यात न्हाव्याने तिला हाताने थोपवलं.

"ताई, तुम्ही त्या गवताच्या शेतावरच्या ना? जरा बाजूला व्हा, कोंबड्या बिचकतात. आणि हे बघून घ्या, तुमच्या उपयोगाचं आहे. माती उघडी टाकायची नसते. कोंबड्या पुढे, बी मागे, वर पेंढा. तुम्हा शिकलेल्या लोकांना हे कुणी सांगत नाही."

चार वर्षं हीच तीन वाक्यं मुलगी या माणसाला सांगायला धडपडत होती.

"आणि अर्ध्या दिवसाच्या वर एका जागी नाही," कुणीतरी मागून म्हणालं. "माती जळते."

"गांडुळं धुवायची नाहीत म्हणे," दुसरं कुणी म्हणालं. "काकांनी अनुभव घेतलाय."

मुलीने वळून पाहिलं. गल्लीपलीकडून, न्हाव्याचं परसू, शिंपीणबाईंचं अंगण, शेडचे चार खांब आणि बँडमास्तरांचं शेत ओलांडत एक हिरवा पट्टा थेट तिच्या शेतापर्यंत गेला होता. दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती, वाकून बघत होती, आपसात भांडत होती. कुंपणाच्या भोकातून दोन बायका मुळ्यांच्या जुड्या घेऊन बाहेर पडत होत्या आणि एक म्हातारा आत शिरत होता. तिच्या शेतात आपणहून शिरणारी या गावची ही पहिली माणसं.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही वळला का नाहीत?"

"तू सांगितलं नव्हतंस." लिफ्टमन म्हणाले. "कुंपण मी कापलं. रस्ता मी अडवला. आज सकाळी परवानगी न घेता इथे आलो, तेही माझंच डोकं. तुला फोन केला नाही, कारण तू काय ते समजली असतीस. बॅग भरून ठेवलीय. चौतीस दिवस झाले भरून. पण मला नाही जायचं गं तिकडे. मला इथेच राहायचंय. तुझ्याजवळ."

एवढं बोलून त्यांना भर गावासमोर हुंदका आला. गावप्रमुखांनी आपलं ओरडणं मध्येच गिळलं.

मुलीने पिशवीतून फोन काढला आणि भावाला लावला. लिफ्टमनांनी खुराड्याची कड घट्ट धरली.

"दादा, रविवारी येतोयस ना? हो, ये. पण गाडी मोठी आण. टेम्पोच आण." ती थांबली. "नाही रे, बाबांचं सामान नाही न्यायचं. फळ्या आणायच्यात. आणि जाळी आणि सायकलची चाकं. बाबांना एक खुराडं पुरत नाहीये."

न्हावी ओरडला की पुढचं खुराडं त्याच्याकडे, बँडमास्तर म्हणाले की शेताचा उरलेला भाग आधी, गोगलगायी अजून तिकडेच आहेत, आणि शिंपीणबाईंनी दोघांनाही गप्प बसवून आपला नंबर आधी लावला. गावप्रमुख पुटपुटले की आता एवढं उकरलंच आहे तर सबंध हिरवळ करून टाका. कचेरीच्या घड्याळात चार वाजले. लिफ्टमनांनी सवयीने दोन्ही हात दांड्याला लावले, आणि समोर पाहिलं तर कचेरीची भिंत.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "आता कुठे नेऊ?"

"मला काय विचारता, बाबा," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही ठरवा."

"आधी मला खाली बसू दे," लिफ्टमन म्हणाले, आणि ते पाटीकडे न बघता हिरवळीवर बसले.